पाच साक्षीदार आणि एक मुका

दिवाळी हा दिव्यांचा सण आहे, असे आपण सगळ्यांनी शाळेच्या निबंधात लिहिले आहे. मला विचाराल तर तो रसायनांचा सण आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटेपासून पाहा. उटण्यातली हळद साबणाच्या फेसात लालसर होते. पणतीतले तेल जळते. तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचे अनरशाचे पीठ आंबते. कढईत पांढुरकी चकली पडते आणि बदामी होऊन वर येते. आणि तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवायचा म्हणून माळ्यावर ठेवलेल्या चिवड्याला, झाकण नीट लागले नाही तर, खवट वास येऊ लागतो. या एकूण एक रासायनिक क्रिया आहेत. परीक्षानळी आणि स्पिरिटचा दिवा लागतो तो शाळेत. घरी त्यांचे काम पातेली आणि गॅसची शेगडी करतात.

हे ठाऊक असून काय उपयोग, असे एखादी गृहिणी विचारील. चकली खुसखुशीत झाली म्हणजे झाले! पण दिवाळीआधी घराची साफसफाईही होते. न्हाणीघरातली फरशी चकचकीत व्हावी म्हणून एका बाटलीतले अ‍ॅसिड ओतले जाते, तेवढ्याने भागले नाही म्हणून वर ब्लीचिंग पावडर भुरभुरली जाते, आणि मग सण बाजूला राहून डॉक्टरांकडे धावाधाव होते. पदार्थ आपल्यासमोर रूप पालटत असतो, तसे सांगतही असतो. त्याची भाषा कळणे हा नुसता परीक्षेतल्या गुणांचा प्रश्न नाही.

मी रसायनशास्त्राचा मास्तर. या विषयावर पुष्कळ खडू झिजवला. पण हा लेख लिहावासा वाटला तो माझ्या भाचीमुळे. माझी थोरली बहीण तलवाड्यास दिली आहे. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले हे गाव त्वरितादेवीचे ठाणे म्हणून ओळखले जाते. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी, शेतांतून गेलेला जायकवाडीचा उजवा कालवा, शिवारात कापूस आणि ऊस. भाऊबीजेला मी तिथे जातो. भाची सातवीत आहे. गेल्या भाऊबीजेला ओवाळणीचे तबक खाली ठेवते न ठेवते तोच तिने विज्ञानाचे पुस्तक आणले आणि रासायनिक बदलाच्या पाच खुणा धडाधड म्हणून दाखवल्या : रंग बदलतो, वायू निघतो, उष्णता सुटते किंवा शोषली जाते, साका बसतो, वास बदलतो. मग म्हणाली,

"मामा, फवारणीला बादलीत यूरिया कालवला की बादली गार पडते. उष्णता शोषली गेली की! मग सर म्हणतात हा रासायनिक बदल नाही. कामून नाही?"

प्रश्न लाखाचा होता. मी तिला म्हटले, "पोरी, या पाच खुणा म्हणजे पाच साक्षीदार आहेत, न्यायाधीश नव्हेत. साक्षीदार कधी खरे बोलतो, कधी त्याची फसगत होते. त्याची उलटतपासणी करावी लागते." मग ती उलटतपासणी आम्ही दोन दिवस घरात आणि शिवारात केली. दाजी, अक्का आणि अक्काच्या सासूबाई अशी सगळी मंडळी पंच म्हणून बसली. तिचाच निकाल वाचकांपुढे ठेवतो.

पहिला साक्षीदार : रंग

हळदीचा डाग पडलेला सदरा साबणाने धुवायला घेतला की डाग लालभडक होतो, हे कोणत्या घरात पाहिले नाही? हळदीत कर्क्युमिन नावाचे पिवळे द्रव्य असते. साबण, चुना, धुण्याचा सोडा यांसारख्या अल्कधर्मी पदार्थाशी गाठ पडली की त्याच्या रेणूची ठेवण बदलते आणि पिवळा रंग तांबडा होतो. त्याच डागावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल याने १६६४ साली रंगांवरचे आपले प्रयोग छापले, त्यांत फुलांच्या रसाचा रंग अम्लाने आणि अल्काने कसा पालटतो हे दाखवले होते. आपल्याकडे तीच गोष्ट हळदीच्या हाताने चुन्याची डबी उघडणाऱ्या प्रत्येक आजीला ठाऊक होती.

सासूबाईंनी इथे एक शंका काढली. "लिंबानं हळद परत पिवळी व्हती म्हणता, मग कुकू कामून पिवळं व्हईना? त्यातबी हळदच आसती की."

मला ही शंका फार आवडली. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या रीतीने कुंकू करताना हळकुंडाला नुसता चुना लावत नाहीत. टाकणखार आणि लिंबाचा रस यांत ते मुरवतात. टाकणखारात बोरॉन हे मूलद्रव्य असते. अम्लाच्या सान्निध्यात ते कर्क्युमिनशी जोडले जाते आणि वेगळेच लाल द्रव्य तयार होते. हा लाल रंग लिंबाला भीत नाही, कारण त्याच्या जन्मालाच लिंबू हजर असते. ही जोडी इतकी खात्रीची आहे की हळदीत बुडवलेला कागद रसायनशाळेत बोरॉन हुडकण्यासाठी वापरतात. अर्थात बाजारातले सगळेच कुंकू असे हळदीचे नसते. पुष्कळसे नुसती रंगवलेली पूड असते.

आता उलटतपासणी. केशर दुधात घातले, दूध पिवळे झाले. सरबतात लाल रंग टाकला, सरबत लाल झाले. रंग बदलला, पण नवा पदार्थ झाला का? नाही, असलेला रंग पसरला एवढेच. म्हणून रंगाची साक्ष घेताना पहिला प्रश्न असा विचारावा : हा रंग आधी दोघांपैकी एकात होता का? असेल तर साक्ष फेटाळावी. हळदीत लाल नव्हता, चुन्यात लाल नव्हता, आणि दोन्ही मिळून लाल झाले, तर साक्ष ग्राह्य.

हाच साक्षीदार कधी धोक्याची सूचनाही देतो. पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले की ते कळकते. आंबट पदार्थ भांड्यातले तांबे विरघळवून घेतो, कडेला हिरवट झाक येते, चव तुरट होते आणि खाणाऱ्याला मळमळते. पूर्वी दारोदार येणारा कल्हईवाला भांड्याला कथलाचा मुलामा देई, तो शोभेसाठी नव्हे. ताक आणि तांबे यांची भेट होऊ नये म्हणून.

दुसरा साक्षीदार : बुडबुडे

ढोकळ्याच्या पिठात खाण्याचा सोडा टाकला की आंबट ताकाशी त्याची झटापट होते आणि पीठ फसफसून वर येते. तो वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, जुन्या क्रमिक पुस्तकांतला कर्बाम्लवायू. सोड्यात तो बांधलेला होता, अम्लाने सुटला.

न्हाणीघरात शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर फरशी धुण्याचे अ‍ॅसिड पडताच चर्रकन फेस येतो. बायका म्हणतात, "बघा, मळ कसा निघतोय!" मळ निघतो हे खरे, पण फेस मळाचा नव्हे. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. कर्नाटकात भीमेच्या खोऱ्यात तो सापडतो. अ‍ॅसिड फरशीच खात असते आणि बुडबुडे म्हणजे तिचा आक्रोश असतो. दोनचार दिवाळ्या असे धुतल्यावर फरशी खडबडीत होते, तिच्यात मळ जास्त बसतो, आणि मग अ‍ॅसिड आणखी लागते! तलवाड्याच्या घरात पायरीला काळा दगड आहे. मराठवाड्यातला हा काळा दगड ज्वालामुखीच्या रसाचा. भाचीने त्याच्यावर लिंबू पिळले. काही झाले नाही. ओसरीतल्या शहाबादीवर पिळले तर बारीक बुडबुडे आले आणि पुसल्यावर तिथे निस्तेज डाग राहिला. दगडाची जात सांगायला एक लिंबू पुरले. अक्काला मात्र डाग आवडला नाही.

बुडबुड्यांची उलटतपासणी सोपी आहे. चहाचे आधण उकळते, त्यातही बुडबुडे येतात. सुरुवातीला दिसतात ते पाण्यात विरघळलेल्या हवेचे, मागून येतात ते वाफेचे. वाफ म्हणजे पाणीच; थंड ताटलीवर धरा, पुन्हा पाणी होऊन ओघळेल. जत्रेतला गोटीसोडा फोडला की उसळतो, तिथेही दाबाने पाण्यात कोंबलेला वायू बाहेर पडतो. नवा पदार्थ झाला नाही. या साक्षीदाराला विचारावे : बाबा, तू आत्ता जन्मलास, की आधीपासून आत दडून होतास?

तिसरा साक्षीदार : ऊब आणि उजेड

पूर्वी दसऱ्या-दिवाळीला भिंतींना चुन्याची सफेदी देत. बाजारातून चुनकळीचे खडे आणायचे आणि पाण्यात टाकायचे. थंड खडा, थंड पाणी. आणि क्षणात पिंप रटरट उकळू लागते! खाली जाळ नाही, निखारा नाही. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे नऊशे अंश सेल्सिअसला भाजला की त्यातला कर्बाम्लवायू निघून जातो आणि चुनकळी उरते. तिला पाणी मिळताच दोघांचा संयोग होतो आणि ही उष्णता बाहेर पडते. पुढची गंमत अशी की भिंतीवर लावलेला चुना हवेतला कर्बाम्लवायू हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. म्हणजे भट्टीत मोडलेला दगड आपल्या भिंतीवर पातळ थराने पुन्हा जुळून बसतो. रासायनिक बदल कधी उलटत नाही असे मुले पाठ करतात, त्यांना हा चुना आणि मघाची ती लिंबाने पिवळी झालेली हळद दाखवावी.

अजूनही कुठे चुनकळी भिजवायची असेल तर पाण्यात चुनकळी थोडी थोडी सोडावी, चुनकळीवर पाणी ओतू नये, आणि मुलांना जवळ उभे करू नये. उकळता चुना डोळ्यात उडाला तर डोळा जातो. उडालाच तर चोळू नये. निदान पंधरा मिनिटे भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि तडक दवाखाना गाठावा.

आता भाचीची बादली. यूरिया पाण्यात विरघळताना त्याचे कण एकमेकांपासून सुटतात. सुटायला उष्णता लागते, ती पाण्यातूनच घेतली जाते, म्हणून बादली गार. पण पाण्यात यूरिया यूरियाच राहतो. ते पाणी परातीत घालून सावलीत सुकवले तर पांढरे खडे परत मिळतात. आम्ही मूठभर यूरियाचा हा प्रयोग लावून ठेवला. प्रयोगाची परात स्वयंपाकातून कायमची बाद करावी, हे अक्काने बजावले आणि ते योग्यच होते. साक्षीदार खोटे बोलला नव्हता, गारवा खरा होता; पण त्याच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा होता. तळहात एकमेकांवर घासले तरी गरम होतात, आकाशकंदिलातला विजेचा दिवाही उजेड देतो. उष्णता-उजेड दिसला म्हणजे पदार्थ पालटलाच असे नाही.

पणतीत मात्र तो खरोखर पालटतो. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे याने १८६० च्या नाताळात मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्याने दिली. ती पुढल्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली आणि आजही वाचली जातात. एका मेणबत्तीत त्याने सारे रसायनशास्त्र दाखवले. आपल्याकडे पणती आहे. तिच्या ज्योतीच्या वर थोडे अंतर ठेवून एक थंड, कोरडी स्टीलची वाटी क्षणभर पालथी धरा. आतून धुके धरते. बोट फिरवले तर ओले लागते. तेल जळून पाणी झाले! वाटी ज्योतीत खाली आणली तर काजळी धरते : तेलातला न जळालेला कार्बन. जिच्या डोळ्यांत आजीने लहानपणी काजळ घातले, तिला काजळाचा जन्म ठाऊक असायला काय हरकत आहे?

चौथा साक्षीदार : साका

दोन स्वच्छ द्रव एकत्र केले आणि मिश्रण गढूळ होऊन तळाशी गाळ बसला, तर त्याला साका म्हणतात. घरातला ओळखीचा साका म्हणजे नासलेले दूध. लिंबाच्या अम्लाने दुधातले केसिन नावाचे प्रथिन गोळा होते आणि निवळ पाणी वेगळे पडते. पनीर करताना हाच साका आपण मुद्दाम आणतो. भर पाहुण्यांत आपोआप झाला की त्याला नासणे म्हणतो. रसायन एकच, प्रसंग निराळा.

गोदावरीच्या पुराचे गढूळ पाणी निवळायला तुरटीचा खडा फिरवतात. तुरटीतून पाण्यात कापसासारखे बारीक पुंजके तयार होतात, ते मातीचे कण कवेत घेऊन तळाशी जातात. पाणी निवळते, पण तेवढ्याने रोगजंतू मरत नाहीत. निवळलेले पाणी उकळूनच प्यावे.

मराठवाड्यात बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड. त्यात साबण फेसाळत नाही, पांढरी साय धरतो, तोही साकाच. पाणी तापवायच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो, तो त्याच पाण्यातला चुना. डाळ शिजत नाही म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासवांनी आधी पाणी तपासावे, असे मी म्हटले तेव्हा सासूबाई हसल्या आणि अक्का जरा जास्तच हसली.

मुलांना दाखवायला सर्वांत सुंदर साका विड्याच्या चुन्यात आहे. चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवावा, सकाळी वरची चुन्याची निवळी अलगद पेल्यात काढावी आणि नळीने तिच्यात फुंकर घालावी. फक्त फुंकावे, ओढू नये, हे लहानांना आधी बजावावे. काचेसारखी निवळी दुधाळ होते. आपल्या श्वासातला कर्बाम्लवायू चुन्याला मिळाला आणि चुनखडीचा बारीक चुरा तयार झाला. भिंतीवरच्या सफेदीला ज्यासाठी काही दिवस लागतात, ते भाचीने दोन मिनिटांत केले.

इथेही फसगत होते. मुगाचे पीठ पाण्यात कालवले तरी पाणी गढूळ होते आणि तळाशी गाळ बसतो. पण तो गाळ आधीच पीठ म्हणून हातात होता. साका तोच, जो मिसळण्यापूर्वी कोठेच नव्हता.

पाचवा साक्षीदार : वास

हा साक्षीदार सर्वांत चपळ. तेला-तुपाला हवेतला प्राणवायू लागला की त्यातून बारीक, उग्र वासाचे पदार्थ निघतात. त्यालाच आपण खवट म्हणतो. उजेड आणि ऊब मिळाली की हे काम भराभर होते. म्हणून फराळाचा डबा घट्ट झाकणाचा, शक्यतो काठोकाठ भरलेला आणि चुलीपासून दूर असावा. नेहमीच्या खाण्यासाठी लहान डबा निराळा काढावा, म्हणजे मोठ्या डब्यात घटकोघटकी नवी हवा शिरत नाही.

पण वास जेव्हा इशारा देतो, तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. सुरुवातीला सांगितलेली ती न्हाणीघराची गोष्ट आठवा. ब्लीचिंग पावडर किंवा तसले पातळ ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील इप्र या गावाजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला, तोच हा वायू. हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने तो फरशीलगत साचतो, आणि फरशी घासणारी व्यक्ती वाकून नेमकी तिथेच श्वास घेत असते. नाकाला झोंबू लागले की "एवढे घासून घेते" म्हणू नये. सगळे टाकून बाहेर मोकळ्या हवेत यावे, दार उघडे ठेवावे, आणि खोकला किंवा धाप थांबली नाही तर लगेच डॉक्टरांकडे जावे. नियम एकच, तो न्हाणीघराच्या दारामागे लिहून लावावा : एका वेळी एकच बाटली. अमोनिया असलेले पातळ साबणही ब्लीचमध्ये मिसळू नयेत. त्यातूनही विषारी वायू निघतो.

न्यायाधीश कोण?

असे पाचही साक्षीदार तपासले. पाचही उपयोगी, पाचही फसगतीला पात्र. मग निकाल कोणी द्यायचा? प्रश्न एकच आहे : आधी नव्हता असा नवा पदार्थ तयार झाला का? फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आन्त्वान लाव्हाझिए याने हा प्रश्न तराजूपुढे नेला. लोखंड गंजले की झिजते असे आपल्याला वाटते. पण सगळा गंज जपून तोलला तर तो मूळ लोखंडापेक्षा जड भरतो, कारण हवेतला प्राणवायू आणि पाणी त्याला मिळालेले असते. बंद पात्रात काहीही जाळा, एकूण वजन तेवढेच राहते. काही नाहीसे होत नाही. एकाचे दुसरे होते. त्या थोर माणसाचा १७९४ साली क्रांतीच्या धामधुमीत शिरच्छेद झाला, पण त्याचा तराजू राहिला.

आणि एक मुका

दोन दिवस तपास करून भाची खूश झाली होती. म्हणाली, "म्हणजे मामा, कोणती ना कोणती खूण दिसतेच." दाजी शेजारी सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "दिसतेच आसं नाही बगा. उसाचं काय?"

दाजींचे म्हणणे अगदी बरोबर होते. बीड जिल्हा हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. हंगाम आला की इथली हजारो कुटुंबे बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तोडलेला ऊस लवकरात लवकर, शक्यतो चोवीस तासांत, गाळावा लागतो, त्यामुळे गाडी येईल तेव्हा, अपरात्रीही, थंडीत मोळ्या भराव्या लागतात. घाई कशाची? ऊस तोडला की त्याच्यातली साखर आतल्या आत फुटू लागते. एका साखरेचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि त्यांचे दाणे कारखान्यात पडत नाहीत. बाहेरून ऊस तसाच. रंग नाही, बुडबुडा नाही, ऊब नाही, साका नाही. चव अजून गोडच. पाचही साक्षीदार गप्प! उताऱ्यात मात्र घट येते, आणि उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला आहे. हे फुटणे ओळखायला साखर कारखान्यात पोलरिमीटर नावाचे यंत्र असते. साखरेचे पाणी एका खास प्रकारच्या प्रकाशाची पातळी उजवीकडे वळवते. फुटलेल्या साखरेचे डावीकडे. ज्याची साक्ष डोळ्याला मिळत नाही, ती प्रकाशाकडून काढावी लागते.

शहरातल्या वाचकांना हा ऊस दूरचा वाटेल, पण त्यांच्या स्वयंपाकघरातही तो आहे. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबाचे चार थेंब पिळतो. कशासाठी? पाक साखरू नये म्हणून. लिंबाच्या अम्लाने थोडी साखर अशीच फुटते आणि ती दाणे धरू देत नाही. दिसत काहीच नाही, पण पाक आठ दिवस पातळ राहतो. इथे मुका आपला मित्र आहे.

सगळेच मुके मित्र नसतात. दिवाळी सरते, थंडी पडते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दार-खिडकी लावून घेण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. शहरात लहानशा न्हाणीघरात गॅसचा गीझर असतो आणि वाऱ्याची फट कागद लावून बुजवलेली असते. कोळसा किंवा गॅस जळायला पुरेशी हवा मिळाली नाही म्हणजे कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबणे नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि माणूस बसल्या जागी गुंगत जातो. डोके दुखते, मळमळते, पाय गळतात. माणसाला वाटते, उपासाने पित्त झाले. घरातल्या दोघातिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर पित्ताचा संशय सोडून द्यावा आणि सगळ्यांनी आधी बाहेर पडावे.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. त्या मुक्याला माणसाने वाचा दिली. कार्बन मोनॉक्साइडला अशी वाचा कोणी दिलेली नाही. त्याच्या येण्याची थोडी चाहूल मात्र लागते. शेगडीची ज्योत निळी असावी. ती पिवळी होऊन भांड्यांची बुडे काळी पडू लागली, तर ज्वलन अपुरे होते आहे असे समजून दुरुस्तीवाल्याला बोलवावे. खेड्यात जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहतात आणि तो विझला नाही तर माणूस उतरवतात. प्राणवायू नाही एवढे कंदील सांगतो. विषारी वायू आहे हे तो सांगेलच असे नाही, आणि पेट घेणारा वायू असला तर कंदीलच घात करतो. तेव्हा कंदिलाच्या भरवशावर कोणी उतरू नये, आणि आत पडलेल्याला काढायला दुसऱ्याने तर मुळीच उडी घेऊ नये. पहिल्यामागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा असे बळी याच मुक्याने घेतले आहेत.

म्हणून मुलांना पाच साक्षीदार अवश्य शिकवा. हळदीवर चुना लावू द्या, निवळीत फुंकू द्या, पणतीवर वाटी धरू द्या. त्याबरोबर सहावा मुकाही सांगा : काही दिसले नाही म्हणजे काही घडले नाही, असे समजू नये. आणि यंदाच्या थंडीत न्हाणीघराच्या झरोक्याला लावलेला कागद तेवढा काढून टाका. गार वारा लागला तर अंगावर आणखी एक तांब्या कढत पाणी घ्या. झरोका मात्र उघडा राहू द्या.